‘पाळक’, ‘वडील’, ‘साहेब’ : अहमदनगरच्या मराठी मंडळीतील स्थानिक नेतृत्वाचा प्रश्न

नव्याने स्थापन झालेल्या एखाद्या धर्मसमाजात नेतृत्व केव्हा निर्माण झाले, हे ठरविताना इतिहासकार बहुधा दीक्षाविधीची तारीख पाहतात. अमेरिकन मराठी मिशनच्या बाबतीत ही तारीख सुदैवाने स्पष्ट आहे. १८५४ साली हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांना अहमदनगर येथे पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. त्याच वर्षी स्कॉटिश फ्री चर्चने मुंबईत नारायण शेषाद्रि यांनाही दीक्षा दिली. तथापि, दीक्षा मिळणे व अधिकार मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील अंतर मोजावयाचे तर कागदपत्रांतील ठरावांइतकेच, किंबहुना अधिकच, त्या समाजाच्या बोलण्यातील शब्दांकडे लक्ष दिले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस आले व १८३१ च्या अखेरीस अहमदनगरचे (२०२४ पासून अहिल्यानगरचे) ठाणे सुरू झाले. आरंभीची वीस-बावीस वर्षे मंडळीचा कारभार मिशनऱ्यांच्याच हाती होता. १८५४ च्या अखेरीस बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे ऑगस्टस थॉम्पसन यांच्यासह पाहणीसाठी हिंदुस्थानात आले. नव्या मंडळ्यांनी आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण सोसावा व धर्मप्रसारही आपणच करावा, हे अँडरसन यांचे त्रिसूत्र प्रसिद्ध आहे. इंग्लंडात चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन याच सुमारास जवळजवळ हेच प्रतिपादन करीत होते. यथाकाळ मिशनने नाहीसे व्हावे व मंडळी उरावी, हा दोघांच्याही विचाराचा गाभा होय.

अँडरसन यांच्या योजनेचा दुसरा भाग भाषाविषयक होता आणि आपल्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा. पाळकाचे शिक्षण देशी भाषेतच व्हावे, इंग्रजीचे शिक्षण त्यास आपल्या लोकांपासून दूर नेते व त्याच्या वेतनाची अपेक्षा मंडळीच्या ऐपतीबाहेर वाढविते, असे त्यांचे मत होते. त्यामुळे मिशनच्या शाळांतील इंग्रजीला कात्री लागली. मराठीच्या अभिमान्यास हे धोरण प्रथमदर्शनी आवडण्यासारखेच आहे. प्रवचन मराठीत, पदे मराठीत, ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून मराठीत. मग पाळक मराठीतच का घडू नये? परंतु येथेच खरी अडचण होती. मंडळीची भाषा मराठी होती, मिशनची नव्हती. पैशाचे वाटप, नेमणुका, बदल्या, बोर्डाशी पत्रव्यवहार हे सारे मिशनऱ्यांच्या सभेत चाले आणि ते इंग्रजीत चाले. ज्यास केवळ मराठी शिकविले त्यास मंडळीचे दार उघडले, पण ज्या खोलीत निर्णय होत तिचे दार त्याच धोरणाने बंद झाले. अँडरसन यांचा हेतू प्रामाणिक होता याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मिशन लवकरच जाणार असे त्यांनी गृहीत धरले होते, आणि मिशन जाणार असेल तर त्याची भाषा शिकून काय करावयाचे? मिशन मात्र गेले नाही.

आता शब्दांकडे वळू. चर्च या अर्थी ‘मंडळी’ हा शब्द मराठी ख्रिस्ती समाजात रूढ झाला. मराठीत ‘मंडळी’ म्हणजे जमलेली माणसे, घरची माणसे. प्रसंगी पत्नीसही ‘आमची मंडळी’ म्हणतात. शब्द जिव्हाळ्याचा आहे. पण त्यात पदांची उतरंड सुचत नाही. म्हणून पदांसाठी वेगळे शब्द हवे होते. मराठी बायबलमधील ‘वडील’ हा असाच एक शब्द. मूळ ग्रीक शब्दाचाही अर्थ वयाने मोठा असाच आहे. भाषांतर चुकलेले नाही. परंतु मराठी घरात वडील निवडून येत नाहीत. वडीलपण जन्माने मिळते. बहुमताने निवडलेला तीस वर्षांचा वडील साठ वर्षांच्या चुलत्यास शिस्त लावू लागला म्हणजे शब्दाचे दोन अर्थ एकमेकांशी झगडू लागतात. ‘पाळक’ या शब्दाची गोष्ट याहून निराळी. ‘पाळणे’ या क्रियापदाची कर्मे पाहावीत : गुरे पाळतात, तसेच व्रत पाळतात, शब्द पाळतात. मेंढपाळाची उपमा मूळ ग्रंथातलीच असली तरी मराठी कानास या शब्दात राखण व निष्ठा असे दोन्ही ध्वनी ऐकू येतात. तद्भव ‘पाळक’ स्वीकारून तत्सम ‘पालक’ बाजूस ठेवणाऱ्याचा कान चांगला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

पदनामांपेक्षाही नावापुढील उपपदे अधिक बोलकी आहेत. मिशनरी हा ‘साहेब’. ‘ह्यूमसाहेब’ हे संबोधन लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’च्या वाचकांस परिचित आहे. पहिले दोन पाळक मात्र ‘हरिपंत’ व ‘रामकृष्णपंत’. दोघेही ब्राह्मण कुळांतले. मंडळीतील बहुसंख्य सभासद महार समाजातले. जातिभेद टाकूनच बाप्तिस्मा होई, यात संशय नाही. पण ‘पंत’ हे उपपद बाप्तिस्म्याने गळाले नाही. ते मिशनच्या इंग्रजी लेखनातही तसेच राहिले. गावोगावच्या महारवाड्यांत शाळा चालविणारा, रविवारी उपासना घेणारा, आजाऱ्यापाशी रात्र काढणारा जो शिक्षक-उपदेशक, त्यास लोक ‘मास्तर’ म्हणत. साहेब, पंत, मास्तर : त्या समाजाची रचना या तीन शब्दांत दिसते. प्रत्यक्ष नेतृत्व वाढत होते ते तिसऱ्या पायरीवर, आणि दीक्षेची तारीख शोधणाऱ्या इतिहासकाराच्या नजरेतून तेच निसटते.

स्वावलंबनाच्या सूत्राविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाळकाचा पगार मंडळीने द्यावा, ही कल्पना न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांच्या मंडळ्यांतून आली होती. नेवासे, राहुरी, पारनेर या भागांतील महार कुटुंबाचे उत्पन्न बलुत्याचे, हंगामी व बव्हंशी धान्यरूप होते. ते दरमहा रोख वर्गणी कोठून आणणार? त्यातही बाप्तिस्मा घेतलेल्या महाराचे बलुते गावकऱ्यांनी अडविल्यास उरलेला आधारही जाई. त्यात १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. दुष्काळात मिशन हे अन्न व काम देणारे झाले आणि अवलंबन कमी होण्याऐवजी वाढले. अशा स्थितीत पाळकाचा पगार मिशनकडून येत राहिला व पगार देणाऱ्याचाच शब्द अखेरचा ठरला, यात नवल नाही. १८७८ साली अहमदनगरास धर्मशिक्षणाचे विद्यालय सुसंघटित स्वरूपात उभे राहिले. शिक्षणाची सोय झाली. पगाराचा प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

गोव्याचे एक उदाहरण येथे सहज आठवते. दिवाडी बेटावरील मातेउस द कास्त्रो या ब्राह्मण ख्रिस्ती तरुणास गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षा नाकारली. त्याने रोमला जाऊन ती मिळविली आणि १६३७ साली तो बिशपही झाला. तरी गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याचा अधिकार मानला नाही. तेथे अडथळा उघड होता, त्यामुळे त्याच्याशी भांडता येत होते. अहमदनगरात उघड नकार कोणीच दिला नव्हता, आणि म्हणून तक्रार कोणापाशी करावी हेही स्पष्ट नव्हते.

ही तक्रार कृतीने मांडली ती नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर ते अहमदनगरास आले, धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवू लागले, मिशनचे वेतन घेऊ लागले. त्यांची भजने व कीर्तने मंडळीच्या उपासनेचा भाग झाली. त्यांच्या आधीही कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या पदकारांनी ती वाट पाडली होती. ज्या क्षेत्रात मिशनरी मराठी माणसाशी स्पर्धा करूच शकत नव्हता, ते हे गीताचे क्षेत्र. तेथे स्थानिक नेतृत्व कोणी ‘विकसित’ करावे लागले नाही. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघेही त्यात येऊ शकत. १९१९ साली त्यांचा देहान्त झाल्याने दरबाराची वाढ कशी झाली असती, हे पाहावयास मिळाले नाही. नाव मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी आपल्या संस्थेस ‘मिशन’ म्हटले नाही, ‘मंडळी’ही म्हटले नाही. ‘दरबार’ या फारसी शब्दाने मराठीत केव्हाच घर केले होते, आणि पंढरीच्या वाटेवरच्या श्रोत्यास देवाचा दरबार म्हणजे काय हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.