थेंबाथेंबाने आलेलं औषध
कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. त्याला हर्पिस झाला की डोळा लाल होतो, पाणी गळतं, उजेड सोसवत नाही. घरचे म्हणतात, डोळे आलेत. डॉक्टर मात्र डोळ्यात फ्लुओरेसिनचा नारिंगी थेंब सोडतात, निळ्या प्रकाशात पाहतात, आणि त्या पडद्यावर हिरवी फांदी चमकून उठते. बारीक, फाटे फुटलेली, टोकाटोकाला गाठी असलेली. विषाणूविरुद्ध अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं औषध या जखमेसाठीच आलं.

हा रोग संसर्गाचा आहे, हे आधी सिद्ध व्हावं लागलं. जर्मनीतल्या मारबुर्ग इथे विल्हेल्म ग्रूटर यांनी पहिल्या महायुद्धापूर्वीच रुग्णाच्या जखमेतला अंश सशाच्या कॉर्नियावर लावून पाहिला. सशालाही तोच रोग झाला. तापानंतर ओठाच्या कडेला फोड आणणारा विषाणू तो हाच. बऱ्याच जणांच्या अंगात तो लहानपणीच शिरतो आणि चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसेच्या मुळाशी दडून बसतो. तिथून तो पुन्हा डोळ्यात उतरू शकतो. असे दोनचार झटके खोलवर गेले की पडद्यावर पांढरा डाग राहतो, डोळ्यात फूल पडतं.

उपाय काय, तर रोगट थर खरवडायचा किंवा आयोडीनने जाळायचा. पुढे कॉर्टिसोन आलं आणि घात झाला. लाली ओसरते, रुग्णाला बरं वाटतं, आणि तेवढ्यात जखम पसरत जाते. कधीकधी पडद्याला भोकही पडतं. लाल डोळ्यासाठी मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइडचे थेंब आणण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही, याची मला खरोखर भीती वाटते.

येल विद्यापीठात विल्यम प्रुसॉफ कर्करोगावर औषध शोधत होते. डीएनएला लागणाऱ्या थायमिडीनसारखाच, पण एका जागी आयोडीन बसवलेला रेणू त्यांनी तयार केला आणि 1959 मध्ये तो जगापुढे मांडला: आयडॉक्सयुरिडीन. विषाणू तो आपलाच घटक समजून वापरतो आणि त्याचा डीएनए सदोष होतो. पण निरोगी पेशीही तशाच फसतात, म्हणून हे औषध अंगभर देणं धोक्याचं. हर्बर्ट कॉफमन या तरुण नेत्रतज्ज्ञाने यातून वाट काढली. कॉर्निया बाहेरच आहे, औषध थेट तिथेच टाकता येतं, मग बाकीच्या शरीराला कशाला तोशीस? आधी ससे, मग माणसं. 1962 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, 1963 मध्ये मान्यता मिळाली. दिवसा तासातासाला आणि रात्रीही उठून थेंब टाकावे लागत, पण फांदी विरू लागली. विषाणूवर औषधच नसतं, हा समज इथे मोडला. मला ही गोष्ट त्या औषधाहूनही मोठी वाटते.

1970 च्या दशकात गर्ट्रूड एलियन यांच्या चमूचं असायक्लोव्हिर आलं. विषाणूचंच एक एन्झाइम त्याला जागं करतं, त्यामुळे निरोगी पेशी बऱ्याच अंशी वाचतात. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत वर्षभर रोज दोनदा 400 मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांपैकी 19 टक्क्यांना रोग उलटला. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हेच प्रमाण 32 टक्के होतं.

थायमिडीनची नक्कल करण्याची युक्ती प्रुसॉफ यांनी सोडली नाही. सहकारी ताइ-शुन लिन यांच्यासह त्यांनी स्टॅव्हुडीन एचआयव्हीवर चालतं हे दाखवलं. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाने त्याच स्टॅव्हुडीनसह तीन औषधांचा एचआयव्हीवरचा उपचार वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केला. औषध गरिबांपर्यंत पोहोचावं म्हणून येलच्या विद्यार्थ्यांनी आवाज उठवला, तेव्हा प्रुसॉफ उघडपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले.