पुढच्या चाकांचा हिशेब

नगरच्या व्हीआरडीईत, म्हणजे डीआरडीओच्या वाहन संशोधन संस्थेत, लष्करी गाड्यांना चढावर आणि खडबडीत वाटांवर घालून त्यांचा कस पाहिला जातो. रस्ता नसेल तिथे जायचं तर चारही चाकांना इंजिनाची ओढ हवी, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिथून निघून नेप्तीच्या कांदा बाजारात गेलं की चित्र उलटं दिसतं. गोण्यांनी हौदा भरलेले पिकअप रांगेत उभे असतात, आणि जवळपास सगळ्यांची फक्त मागची चाकं इंजिनाला जोडलेली. फोर बाय फोर गाड्यांची इतकी जाण असलेल्या गावाने स्वतःचा माल मात्र फोर बाय टूवर वाहिला. याला चिकटपणा म्हणायचं की शहाणपण, हे ठरवायला थोडं मागे जावं लागतं.

नगरचं लष्कराशी नातं इंग्रजांच्या छावणीपासूनचं. घोडदळ गेलं आणि यंत्रं आली, तेव्हा चिलखती गाड्यांचं प्रशिक्षण इथेच सुरू झालं. 1994 मध्ये उभ्या राहिलेल्या इथल्या रणगाडा संग्रहालयात त्या काळातली एक रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडी आहे. तिच्याकडे लोक नावासाठी बघतात. खरं तर बघावं ते तिच्या चाकांकडे. पहिल्या महायुद्धात याच जातीच्या गाड्यांनी अरबस्तानचं वाळवंट तुडवलं, आणि तेही केवळ मागच्या चाकांच्या जोरावर. पुढच्या धुरीला ओढ नव्हतीच. मागे जोडचाकं, दणकट सांगाडा आणि वाळू ओळखणारा ड्रायव्हर एवढ्यावर भागलं. चारही चाकं फिरल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही, असं मानणाऱ्यांनी ही गाडी आवर्जून पाहावी.

चार चाकांना ओढ देण्याची विद्या तेव्हा नवी नव्हती. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिंटनव्हिल गावी दोन यंत्रकारांनी 1908 च्या सुमारास ती साधली होती, आणि पहिल्या महायुद्धात तिथले ट्रक हजारोंनी युरोपात गेले. पण ती घरोघरी माहीत झाली ती दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमुळे. विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. युद्ध संपलं तेव्हा विलिसने तीच गाडी शेतकऱ्याला विकायला काढली: नांगर ओढा, मळणी करा, रविवारी चर्चला जा. डॉजने 1946 मध्ये लष्करी ट्रकचाच पिकअप करून नागरी बाजारात आणला.

भारतात जीप आली ती महिंद्रांमार्फत. 1945 मध्ये सुरू झालेल्या ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या कंपनीतले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, 1948 मध्ये कंपनीच्या नावातला मोहम्मद जाऊन दुसरा महिंद्रा आला, आणि मुंबईच्या माझगावात विलिसचे सुटे भाग जोडून जीप बनू लागल्या. फाळणीने नगरलाही एक देणं दिलं. रावळपिंडीजवळच्या चकलाल्याची लष्करी वाहनांची तपासणी संस्था इथे हलवली गेली. आजच्या व्हीआरडीईचं मूळ तिच्यात आहे.

याच सुमाराची आणखी एक तारीख नगरकरांना पाठ असते. 1 जून 1948 ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला धावली. ती सरळ साधी बस होती, मागच्या चाकांवर चालणारी. म्हणजे तालुक्याच्या आडवाटा कशाही असोत, पुणे-नगर हमरस्ता तेव्हाही बसजोगा होता. पुढच्या सत्तर वर्षांत नगरच्या गाडीवाल्यांनी जे ठरवलं, त्याचं बीज इथेच आहे: हमरस्ता बरा, आडवाट वाईट, आणि भाडं मिळतं ते हमरस्त्यावर.

आडवाटेवर मात्र पहिली वीसेक वर्षं जीपचंच राज्य होतं. 2 ऑक्टोबर 1952 ला समुदाय विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकाऱ्याच्या दारात जीप उभी राहिली. त्याआधीच, 1950 मध्ये, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना चालू झाला होता. मग जिल्ह्यात एकामागून एक कारखाने उभे राहिले, आणि चेअरमनची जीप ही चीज ग्रामीण राजकारणात आली. प्रवरेच्या कालव्याखालची जमीन काळीभोर. पावसाळ्यात तिच्यात पाय घातला की चप्पल तिथेच राहते. उसाच्या फडापर्यंत ओव्हरसिअरला न्यायला चारही चाकांची जीप खरोखरच लागायची. सोबत थोडा रुबाबही होता, नाही असं नाही.

पण ती जीप पेट्रोलवर चालायची आणि तिचं पेट्रोल सरकार किंवा कारखाना भरायचा. स्वतःच्या खिशातून इंधन भरायची वेळ आली तेव्हा हिशेब पालटला.

हा पालट 1970 आणि 80 च्या दशकांतला. महिंद्रांनी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये घातलं, पुढे प्यूजोचं डिझेल इंजिन इगतपुरीत बनू लागलं, आणि जीप भाड्याने चालवणं परवडायला लागलं. काळी-पिवळी जीप हे जिल्ह्याचं दुसरं एसटी महामंडळच झालं. शिर्डीहून शनिशिंगणापूरला जाणारे भाविक, शेवगाव-पाथर्डीचे बाजारकरू, आत दहा आणि मागे लटकलेले चार. या जीपवाल्यांनी पहिली कात्री लावली ती पुढच्या चाकांना. जुनी फोर बाय फोर जीप विकत घेतली की गॅरेजवाला पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवायचा. वजन घटलं, जॉइंट झिजायचे थांबले, ॲव्हरेज वाढलं. कंपनीच्या हे लक्षात न येतं तरच नवल. कमांडर आणि मार्शल या गाड्या मागच्याच चाकांच्या ओढीवर सर्रास विकल्या गेल्या. जीपची ओळखच जिच्यात, ती पुढची धुरी नगरच्या गॅरेजांमागे गंजत पडली.

यात मोडतोडीपेक्षा यंत्राची समज जास्त होती. जुन्या पद्धतीच्या फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केसचा दांडा टाकला की पुढची आणि मागची धुरी एकाच वेगाने फिरायला बांधली जाते. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला पडतो. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भागवतं. डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळा पीळ शाफ्टवर आणि टायरवर येतो. दांडा टाकलेला विसरून जो ड्रायव्हर नगर-मनमाड रस्त्यावर सुसाट सुटला, त्याला जॉइंट बदलायचं बिल आलंच. दांडा न टाकताही पुढची धुरी, तिचा डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस यांचं ओझं गाडी बाराही महिने वाहत असते.

मालाच्या गाडीचा इतिहास याहून मजेदार आहे, आणि त्यात नगरचं घराणं आहे. मुंबई विधानसभेचे अध्यक्ष राहिलेले नगरचे वकील कुंदनमल फिरोदिया यांचे चिरंजीव नवलमल फिरोदिया यांनी बजाज टेम्पो कंपनी उभी केली. तिची मॅटॅडोर 1969 मध्ये आली. ती पुढच्या चाकांच्या ओढीवर चालायची. मागे जाणारा शाफ्टच नाही, त्यामुळे तळ बुटका आणि सपाट. भाजीच्या पाट्या, दुधाचे कॅन चढवायला सोपं. पण मॅटॅडोर भरून करंजीच्या किंवा चंदनापुरीच्या घाटाला लागली की भार मागे जायचा, पुढची चाकं हलकी व्हायची आणि ओल्या रस्त्यावर जागच्या जागी फिरायची. मग क्लीनर उतरून चाकामागे दगड लावायचा. आज चाळिशीपुढच्या नगरकराला ‘दगड लाव’ हा आवाज सांगावा लागत नाही.

1988 मध्ये टेल्कोची टाटामोबाइल आली, पुढे बोलेरो पिकअपने बाजार काबीज केला, आणि ओढ मागच्या चाकांकडे गेली. कारण साधं आहे. चाकाची पकड त्याच्यावरच्या वजनाइतकी. 50 किलोच्या 30 गोण्या म्हणजे दीड टन कांदा, आणि त्यातला बहुतेक भार मागच्या धुरीवर. ज्या चाकांना ओढ आहे त्यांनाच माल जमिनीत दाबून धरतो. घाटात तर भार आणखी मागे सरकतो, म्हणजे पकड वाढतेच. दोन चाकांच्या पिकअपची अब्रू जाते ती रिकामी असताना. माल उतरवून परतताना शेपूट हलकं झालेलं, आणि पावसाने वावराची वाट गुळगुळीत झालेली. मग मुरलेले ड्रायव्हर हौद्यात चार गोण्या माती टाकून ठेवतात. पुढची धुरी घेण्यापेक्षा ते स्वस्त.

काळ्या मातीची आणखी एक खोड आहे. ती ओली झाली की टायरच्या खाचांत भरते आणि टायर गोटा होतो. डांबरी रस्त्याचे टायर असतील तर चारही चाकं एकदमच घसरतात. तेव्हा गाडी निघते ती ट्रॅक्टरने. बांधापलीकडच्याला हाक मारायची, साखळी लावायची, पाच मिनिटांत काम. ट्रॅक्टर गावोगावी असताना स्वतःच्या पिकअपला लाखभर रुपये जास्त कशाला मोजायचे, असं नगरकर विचारतो. त्याला चुकीचं म्हणता येत नाही.

या सगळ्यापेक्षा मोठं काम केलं रस्त्यांनी, आणि रस्ते दिले दुष्काळाने. 1972 च्या दुष्काळात पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांतली हजारो माणसं खडी फोडायला गेली. तळी खणली, बंधारे घातले, आणि मैलोगणती कच्चे रस्ते झाले. रोजगार हमीने ते काम पुढे चालवलं. 2000 साली आलेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने त्यातल्या अनेकांवर डांबर चढवलं. नगरमध्ये फोर बाय फोर पिकअप का खपला नाही, याचं उत्तर गाडीच्या शोरूममध्ये शोधण्यापेक्षा त्या वर्षी फुटलेल्या खडीत शोधलं पाहिजे. राहिली ती शेवटची अर्ध्या-एक किलोमीटरची पाणंद. 2021 मध्ये राज्य सरकारला तिच्यासाठी मातोश्रींच्या नावाने वेगळी योजना काढावी लागली, यावरून तो चिखल अजून आहे हे कळतं.

जिल्ह्याचा एक कोपरा मात्र या हिशेबात बसत नाही. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग, म्हणजे घाटघर, रतनवाडी, हरिश्चंद्रगडाचा पायथा. बाकी जिल्हा वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसावर दिवस काढतो, आणि घाटघरला त्याच्या कित्येक पट पाऊस चार महिन्यांत कोसळतो. इथली जमीन तांबडी, उताराची, पाण्याने धुपलेली, आणि बांधापलीकडे ट्रॅक्टर नाही. भाताच्या खाचरांच्या या मुलखात लो रेंजचा गिअर खरंच कामी येतो. चढावर वेग नको, जोर हवा. गंमत म्हणजे ज्यांना त्याची गरज जास्त, त्या आदिवासी वाड्यांत गाडीच कमी. कळसूबाईला आणि काजवे बघायला पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांच्या थार मात्र चारही चाकं फिरवत येतात, बऱ्याचदा डांबरावरून.

महागडे फोर बाय फोर पिकअप आता देशात मिळतात. इसुझूचा व्ही-क्रॉस 2016 मध्ये आला, टोयोटाची हायलक्स 2022 मध्ये. हायलक्सच्या किमतीत तीन बोलेरो पिकअप येतील. ती नगरमध्ये दिसते तेव्हा हौद्यावर झाकण असतं आणि हौद्यात कांदा नसतो.

शेतकऱ्याने चार चाकांची ओढ विकत घेतलीच नाही असं मात्र नाही. घेतली ती ट्रॅक्टरमध्ये. राहाता-संगमनेर पट्ट्यात डाळिंबाच्या दोन ओळींमधून फिरणारे बुटके ट्रॅक्टर गेल्या दहा-पंधरा वर्षांत सर्रास फोर बाय फोर आले आहेत. फवारणीचं ओझं घेऊन ओल्या सरीत वळायचं तर पुढच्या चाकांनीही खेचायला हवं. तोडणीच्या दिवशी हाच ट्रॅक्टर बागेतून क्रेट काढून आणतो आणि डांबरी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पिकअपमध्ये रिकामे करतो. पिकअप वावरात उतरतच नाही, आणि नवा घ्यायचा झाला की शेतकरी शोरूममध्ये आधी हौद्याची लांबी विचारतो, मग ॲव्हरेज, मग हप्ता.