विलर्ड घराणे

विलर्ड घराणे : अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील घड्याळकारांचे घराणे. उंच, जमिनीवर उभे राहणारे लंबकाचे घड्याळ लहान करून भिंतीवर नेण्याचे मोठे श्रेय या घराण्याकडे जाते. ग्राफ्टन येथील शेतकरी कुटुंबातील बेंजामिन (1743–1803), सायमन (1753–1848), इफ्राइम (जन्म 1755) आणि ॲरन (1757–1844) या चार भावांनी हा व्यवसाय केला. घरची शेती सांभाळून सुरू झालेले हे काम पुढे सायमन आणि ॲरन यांनी बॉस्टनलगतच्या रॉक्सबरी येथे नेले.

पेटंट घड्याळ : आठवडाभर चालणाऱ्या घड्याळात वजन खाली उतरायला जागा लागे. त्यामुळे त्या काळचे घड्याळ माणसाहून उंच असे. त्याला पितळ आणि लाकूडही भरपूर लागे. स्प्रिंगचा पर्याय होता, पण चांगल्या पोलादी स्प्रिंगा तेव्हा अमेरिकेत बनत नव्हत्या. सायमनने वजन ठेवले, मात्र यंत्र लहान केले. त्याने लंबक यंत्राच्या पुढच्या बाजूला टांगला आणि वजन त्याच्या मागून उतरवले. दोन्ही एकमेकांना घासू नयेत म्हणून मध्ये पातळ पत्रा बसवला. अशा रीतीने जेमतेम 1 मी. उंचीच्या पेटीत आठ दिवस चालणारे घड्याळ मावले. टोल्यांची यंत्रणा त्याने सहसा ठेवली नाही. 1802 मध्ये या रचनेचे पेटंट त्याला मिळाले. त्या वेळी टॉमस जेफर्सन राष्ट्राध्यक्ष होते.

वर गोल तबकडी, मधे निमुळता गळा आणि खाली चौकोनी पेटी अशा आकारामुळे पुढे याला ‘बँजो घड्याळ’ हे नाव पडले. गळ्याच्या दोन्ही बाजूंना पितळी कमानी व माथ्यावर पितळी किंवा मुलामा दिलेली शोभेची टोपी असते. गळ्याच्या व पेटीच्या काचांवर मागच्या बाजूने रंगकाम केलेले असते. त्यात बारीक रेषा व सोनेरी काम आधी आणि पार्श्वभूमी शेवटी येते. म्हणजे चित्रकाराला नेहमीच्या उलट क्रमाने रंगवावे लागते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील काचचित्रे याच तंत्राची आहेत.

इतर कामे : सायमनने उंच घड्याळे, मनोऱ्यावरची घड्याळे आणि 1819 मध्ये पेटंट घेतलेले दीपगृहाच्या आकाराचे गजराचे घड्याळही बनवले. जेफर्सनने स्थापलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रोटंडा या इमारतीसाठी त्याने घड्याळ केले; 1895 च्या आगीत ते नष्ट झाले. वॉशिंग्टन येथील कॅपिटॉलमध्ये कार्लो फ्रान्झोनी याचे ‘इतिहासाचा रथ’ हे शिल्प आहे. त्याच्या चाकातील घड्याळाचे यंत्र सायमनचे असून ते 1837 मध्ये बसवले गेले.

व्यापार व वारसा : पेटंट असूनही इतर कारागीर बिनदिक्कत नकला करत राहिले आणि सायमनने त्यांना कोर्टात खेचले नाही. 1839 मध्ये निवृत्त होताना त्याच्या गाठीशी फारसे काही नव्हते. ॲरन व्यवहारचतुर होता. बॉस्टनमध्ये त्याने मोठा कारखाना उभारला आणि 1823 मध्ये तो सधन होऊन निवृत्त झाला. पुढच्या पिढीत त्याचा मुलगा ॲरन (धाकटा) आणि सायमनचा मुलगा सायमन (धाकटा) यांनी व्यवसाय चालवला. धाकट्या ॲरनकडे उमेदवारी केलेला एडवर्ड हॉवर्ड पुढे बँजो घड्याळांचा मोठा उत्पादक झाला. वॉल्थमच्या खिशातील घड्याळांच्या उद्योगाच्या संस्थापकांतही तो होता.

भारतात पोहोचलेली अमेरिकन घड्याळे मात्र विलर्डांची नव्हेत. महाराष्ट्रातील वाड्यांमध्ये दिसणारी सेठ टॉमस आणि ॲन्सोनिया ही नावे कनेक्टिकट राज्यात जन्मलेल्या उद्योगाची आहेत. तिथे एली टेरी याने सुट्या भागांचे घाऊक उत्पादन सुरू केले आणि घड्याळ स्वस्त झाले. विलर्डांचे घड्याळ कारागिराने घडवलेले आणि खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांसाठी होते.

ओळख : महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या घरात बँजोच्या आकाराचे घड्याळ आढळले, तर ते विलर्डांचे असण्यापेक्षा विसाव्या शतकातील नक्कल असण्याची शक्यता जास्त. तबकडीवर चावीची दोन छिद्रे असली, तर एक वेळेसाठी आणि दुसरे टोल्यांसाठी असते. अशी घड्याळे बहुधा स्प्रिंगवर चालतात. सायमनच्या पेटंट घड्याळाच्या तबकडीवर सहसा चावीचे एकच छिद्र उजव्या अर्ध्यात असते आणि आत शिशाचे वजन दोरीला लटकलेले असते. काचेवरचे नाव पुरावा मानता येत नाही, कारण काचा फुटतात आणि नव्याने रंगवल्या जातात. पारख करायची ती यंत्राचे पितळी पत्रे, लंबकाची टांगणी आणि पेटीचा सांधा पाहून.

भावांच्या ग्राफ्टन येथील मूळ घरात 1971 पासून विलर्ड घड्याळांचे संग्रहालय आहे.