मुळात ते हॉर्लिक्ससाठी होतं

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठावर रसीन नावाचं गाव आहे. आपल्याकडे तापातून उठलेल्या पोरांना पिढ्यान्‌पिढ्या जे हॉर्लिक्स पाजलं गेलं, त्याचा मूळ कारखाना या गावातला. इंग्लंडहून आलेल्या विल्यम आणि जेम्स हॉर्लिक या भावांनी 1883 मध्ये त्या माल्टच्या भुकटीचं पेटंट घेतलं. पुढे याच गावात विजेच्या छोट्या, वेगवान मोटरी बनवणारे कारखाने निघाले. माल्ट आणि मोटर शेजारी-शेजारी आल्यावर जे व्हायचं ते झालं. सकाळी पालक, केळं आणि सफरचंद एकत्र फिरवून आपण जो हिरवागार पेला तोंडाला लावतो, त्याचं मूळ शोधत गेलं तर वाट एखाद्या ऋषीच्या आश्रमात पोचत नाही, या गावातल्या मिल्कशेकपाशी येऊन थांबते.

त्या काळी अमेरिकेत औषधांच्या दुकानातच सोडा फाउंटन, म्हणजे थंड पेयांचं नि आइस्क्रीमचं काउंटर असायचं. तिथे माल्टची भुकटी थंड दुधात घुसळून द्यायचे. घुसळायच्या यंत्रात दांडा वरून भांड्यात उतरायचा, आपल्या रवीसारखा. स्टीफन पोप्लॉव्स्की या पोलिश वंशाच्या तंत्रज्ञाने 1922 मध्ये ही रचना उलटी केली. मोटर खाली, भांडं वर आणि पातं भांड्याच्या बुडाशी. एवढ्याशा बदलाने काम पार वेगळं झालं. बुडाशी फिरणारं पातं द्रवात भोवरा तयार करतं, भोवरा वरचा ऐवज खाली ओढतो, पातं तो कापून कडेने पुन्हा वर फेकतं. रवी घुसळते; हे पातं घुसळता घुसळता चिरतंही. पोप्लॉव्स्कीला मात्र त्यातून उत्तम माल्टेड मिल्क हवं होतं. पालेभाजी त्याच्या खिजगणतीतही नव्हती.

पुढचा अंक नाटकी आहे. रसीनमधल्याच हॅमिल्टन बीच कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, फ्रेड ओसियस, या यंत्रात सुधारणा करत होता आणि त्याला पैसा हवा होता. 1936 मध्ये तो न्यूयॉर्कच्या व्हँडरबिल्ट थिएटरात फ्रेड वेअरिंगला गाठायला गेला. वेअरिंग हा नावाजलेला बँडमास्टर, रेडिओवर त्याचे कार्यक्रम व्हायचे. ओसियसने मोठ्या उत्साहाने यंत्र दाखवायला घेतलं आणि ते चालेचना. तरी वेअरिंगने 25,000 डॉलर दिले! यंत्र काही लवकर सुधारेना, तेव्हा त्याने ओसियसला बाजूला सारून दुसऱ्यांकडून काम पुरं करून घेतलं. 1937 मध्ये शिकागोच्या उपाहारगृहवाल्यांच्या प्रदर्शनात ते 29 डॉलर 75 सेंटला विक्रीला आलं. वेअरिंग बँडच्या दौऱ्यांत ते सोबत बाळगायचा, उतरेल त्या हॉटेलात प्रात्यक्षिक करून दाखवायचा. बारवाल्यांना ते फार आवडलं, कारण रम, लिंबू आणि बर्फ यांची डायकिरी त्यात झकास होते. म्हणजे आरोग्यपेयाचं हे यंत्र आधी आइस्क्रीमच्या आणि मग दारूच्या गुत्त्यात वाढलं. मला तरी त्यात काही वावगं वाटत नाही.

जाता जाता एक सांगायलाच हवं. 1952 मध्ये आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांना जिवाणूंना चिकटलेल्या विषाणूंची टरफलं सोलून काढायची होती. नेमका तेवढाच झटका देणारं साधन मिळालं ते हेच, वेअरिंगचं ब्लेंडर. आनुवंशिकता डीएनएमधून चालते याचा भक्कम पुरावा असा एका मिल्कशेकच्या यंत्रातून निघाला, आणि हर्शींना 1969 चं नोबेल पारितोषिक मिळालं.

यंत्राला प्रकृतीची काळजी चिकटवली ती विल्यम बर्नार्ड या जत्राजत्रांतून फिरणाऱ्या विक्रेत्याने. त्याने 1937 मध्ये व्हिटामिक्स नावाचं ब्लेंडर आणलं, आणि 1949 मध्ये ओहायोतल्या क्लीव्हलंडच्या टीव्हीवर अर्धा तास उभं राहून ते विकलं. साल-गर-बिया काही टाकू नका, सगळं पोटात गेलं पाहिजे, हा त्याचा घोष. रात्री अपरात्री टीव्हीवर भाजी कापायची यंत्रं विकणारे जे लोक आपण पाहतो, त्यांचा हा मूळपुरुष.

स्मूदीची दुकानं बरीच नंतरची. लुइझियानातला स्टीव्ह कुनाऊ तरुणपणी सोडा फाउंटनवर नोकरीला होता, पण त्याला दूध पचत नसे. सगळ्या गावाला मिल्कशेक देणारा पोरगा स्वतः कोरडा! त्याने फळं आणि पूड एकत्र फिरवून आपल्यापुरतं पेय बनवलं आणि 1973 मध्ये स्मूदी किंग हे दुकान काढलं. तेही सगळं गोड, फळांचंच. पान अजून आलेलं नाही.

पानाचं घराणं निराळं, आणि ते कडू आहे. आपल्या आयुर्वेदात ताजी वनस्पती कुटून, फडक्यातून पिळून काढलेल्या रसाला स्वरस म्हणतात. काढा, कल्क, हिम, फांट यांच्या पंगतीतला हा पहिला मानकरी. खोकल्यावर अडुळशाच्या पानांचा रस मधातून चाटवायचा, हे आजीला पुस्तक न वाचता माहीत असे. शार्ङ्गधर संहितेत स्वरसाची मात्रा अर्धा पल सांगितली आहे, म्हणजे साधारण 24 मिलिलिटर. पेलाभर नाही. पानांचा रस हे औषध होतं आणि औषधाला माप असतं. स्वयंपाकघरात कच्चा पाला पिण्यात जायचा तो मठ्ठ्यातल्या कोथिंबिरीइतका, वासापुरता.

जपानमध्ये या रसाला माप सोडून पेला मिळाला तो युद्धाच्या टंचाईत. निरो एंडो या डॉक्टरांनी 1943 च्या सुमारास, एरवी फेकून दिला जाणारा भाज्यांचा पाला वाटून त्याचा रस घरच्यांना आणि रुग्णांना द्यायला सुरुवात केली. या रसाला तिकडे आओजिरु म्हणतात. पुढे त्यांनी त्यासाठी केल ही कोबीच्या कुळातली भाजी निवडली. चव? 1990 मध्ये एका जपानी कंपनीने त्याची टीव्हीवर जाहिरात केली. सिनेमात खलनायक रंगवणारा नोबुओ याना हिरवा पेला घटाघटा पितो, तोंड वेडंवाकडं करतो, भयंकर लागतं म्हणतो आणि लगेच दुसरा पेला मागतो. जाहिरात तुफान गाजली. माल वाईट लागतो हे सांगून तो खपवण्याची उदाहरणं फार नसतील.

अमेरिकेत बोस्टनच्या अ‍ॅन विगमोर यांनी गव्हांकुरांच्या रसाचा प्रचार केला. तो आपल्याकडे पोचला आणि रुजलाही; मुंबई-पुण्यात सकाळी बागेत फिरायला जाणाऱ्यांना फाटकाबाहेर गव्हांकुर, कारलं, दुधी यांच्या रसाची टेबलं ठाऊक आहेत. हरितद्रव्याची रचना रक्तातल्या हीमसारखी दिसते म्हणून गव्हांकुर म्हणजे हिरवं रक्त, असं तिथे हमखास ऐकायला मिळतं. दोन्ही रेणूंचा सांगाडा एका घाटाचा आहे हे खरं. एकाच्या मध्यात मॅग्नेशियम, दुसऱ्याच्या लोह. पण हरितद्रव्य प्यायल्याने त्याचं रक्त होत नाही.

ही दोन घराणी एकत्र आली ती फार अलीकडे, 2004 मध्ये. मूळची रशियन आणि अमेरिकेच्या ओरेगन राज्यात राहणारी व्हिक्टोरिया बुटेन्को कुटुंबासह कच्च्या आहारावर होती. चिंपांझी फळांच्या बरोबरीने भरपूर पाला खातात आणि आपण जवळजवळ नाहीच, हे तिच्या मनाने घेतलं. पण पालेभाजी कच्ची चावून चावून माणूस किती खाणार? तिने ती ब्लेंडरमध्ये पिकलेल्या फळांबरोबर फिरवली. प्रमाण साधारण साठ टक्के फळ, चाळीस टक्के पाला. रंग पानाचा, चव केळ्याची. 2005 मध्ये तिचं पुस्तक आलं आणि हिरवी स्मूदी जगभर गेली. चिंपांझीच्या जेवणावरून माणसाच्या न्याहारीचा निकाल लावणं मला पटत नाही. पण स्वयंपाकाची युक्ती म्हणून तिला दाद द्यायला हवी. रस गाळला की चोथा जातो. इथे चोथ्यासकट सगळं पेल्यात राहतं, आणि ज्याला पालेभाजी नको असते तोही ती गुपचूप पितो.

आपल्या घरात हे पेय ज्यात होतं ते यंत्र मात्र या वंशावळीत थोडं बाजूचं आहे. साठच्या दशकात मुंबईत माधुरी माथूर यांचा परदेशी मिक्सर मसाला वाटता वाटता जळाला. त्यांचे पती सत्यप्रकाश माथूर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. त्यांनी भारतीय वाटणाला पुरून उरेल असा मिक्सर बनवला, तो सुमीत. तिकडच्या ब्लेंडरला ओलं आणि पातळ हवं. आपल्या मिक्सरला सुकं खोबरं, मिरच्या, भिजवलेली डाळ पेलावी लागते. म्हणून तिकडे एकच उंच काचेचं भांडं आणि इकडे तीन स्टीलची.

स्मूदीला यातलं सगळ्यात मोठं भांडं घ्यावं. आधी पाला आणि पाणी एवढंच. पालकाची कोवळी पानं मूठभर, जाड देठ काढून, पाऊण कप गार पाणी, आल्याचा तुकडा. हे मिनिटभर फिरवून पाण्यात पानाचा कण दिसेनासा झाला की मगच फळं. सगळं एकदम टाकलं तर केळ्याच्या दाट गरात पान नीट चिरलं जात नाही आणि पिताना हिरव्या चिंध्या दातात येतात. बर्फाऐवजी केळ्याच्या चकत्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. दाटपणाही येतो आणि पात्यावर ताणही कमी. मिक्सर घरघरून अचानक बंद पडला तर घाबरू नये, बहुतेक मिक्सरना बुडाशी एक लाल बटण असतं, मोटर गार झाली की ते दाबायचं. सफरचंद, अननस, पेरू काहीही चालतं. कलिंगड किंवा स्ट्रॉबेरी टाकली की लाल आणि हिरवा मिळून चिखलाचा रंग येतो, चव बरी असली तरी घरात कुणी हात लावत नाही. पुदिना, शेवग्याचा कोवळा पाला, सॅलडची पानं चालतात. शेपू घातला तर पेय शेपूचंच होतं. लिंबू पिळून लगेच प्यावं, कारण आम्लाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि दुपारपर्यंत पोपटी रंगाचा मेंदीसारखा मळका हिरवा होतो.

पालकाचं थोडं जपून. त्यात ऑक्झलेट भरपूर असतं. अळू कच्चं खाल्लं की घसा खवखवतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांनी, म्हणून आपण फतफत्यात चिंच घालतो आणि पानं रटरटा शिजवतो. पालकातलं बरंचसं ऑक्झलेट पाण्यात विरघळणारं, ते घशाला काही कळू देत नाही. उकळून पाणी टाकलं तर कमी होतं. कच्चं प्यायलं तर सगळं पोटात. हिरव्या स्मूदीचा दहा-बारा दिवसांचा ‘शुद्धीकरणा’चा सपाटा लावून मूत्रपिंड निकामी झालेल्या एका पासष्ट वर्षांच्या बाईंची हकीकत 2018 मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यांचं पूर्वी जठराचं ऑपरेशन झालं होतं आणि प्रतिजैविकं दीर्घकाळ चालली होती, त्यामुळे धोका वाढला. धडधाकट माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा मूठभर पालकाने काही होत नाही. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच कच्चा पालक प्यावा.

दुधी आणि काकडी घालणार असाल तर आणखी एक. या कुळातल्या भाज्यांत कधीकधी कुकुरबिटासिन नावाचं कडू विष वाढतं. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत, आणि त्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने 2011 मध्ये बजावलं की कडू दुधीचा रस अजिबात पिऊ नये. जिभेला कडू लागणं ही निसर्गाने दिलेली सूचना, आणि केळ्याने कडूपणा झाकणं हीच तर स्मूदीची सगळी करामत. म्हणून चव घ्यायची ती मिक्सरच्या आधी. दुधीची एक चकती कापून जिभेच्या टोकाला लावावी. कडू लागली तर थुंकून चूळ भरावी आणि तो दुधी कितीही ताजा, महाग असला तरी सबंध टाकून द्यावा, भाजीलासुद्धा वापरू नये.