संवाद सहायक, महिला (धाराशिव जिल्हा)

1993 च्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गाव आणि सरकारी यंत्रणा यांच्यामध्ये बोलणी करण्यासाठी नेमलेल्या स्थानिक स्त्रिया. पुढे गावातले तंटे, पाणी आणि दारूबंदी या प्रश्नांत स्त्रियांचा जो वावर वाढला, त्याचाही विचार या नोंदीत केला आहे. ‘शांतता’ हा शब्द येथे भावकी, बांध आणि नळ यांच्या संदर्भात घ्यायचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा स्त्रिया व शांतताविषयक ठराव क्र. 1325 (31 ऑक्टोबर 2000) युद्धग्रस्त प्रदेशांसाठी आहे. त्याची मोजपट्टी या जिल्ह्याला जशीच्या तशी लागत नाही.

भूकंप व घरदुरुस्ती : 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. सुमारे 8,000 माणसे दगावली. या जिल्ह्यात सास्तूर, पेठसांगवी, होळी, राजेगाव ही गावे उद्ध्वस्त झाली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर वर्षानुवर्षे वाढत गेलेला मातीचा थर, असे इकडचे माळवदाचे घर उन्हाळ्यात गार असते. त्या रात्री मात्र त्याच मातीखाली माणसे गाडली गेली. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्यातून राज्य शासनाने पुनर्वसन हाती घेतले. पूर्ण पडलेली गावे नव्या जागी वसवली आणि तडे गेलेल्या घरांसाठी दुरुस्ती व मजबुतीकरणाचा कार्यक्रम आखला. ही दुरुस्ती दोन्ही जिल्ह्यांतील हजाराहून अधिक गावांत करायची होती. तीत लोकसहभागाची जबाबदारी प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील स्वयम् शिक्षण प्रयोग या गटाकडे आली आणि गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक निवडण्यात आल्या.

त्यांचे काम वरवर तांत्रिक होते : माळवदावरची माती कमी करणे, कोपरे बांधून घेणे, भिंतीत आरपार दगड बसवणे का गरजेचे आहे ते घरोघरी समजावणे; अनुदानाचे हप्ते, सिमेंट आणि कागदपत्रे यांची माहिती देणे. वाद मात्र ठरलेल्या जागी होत. वाडा एक, भाऊ तीन, चुली तीन, नोंद थोरल्याच्या नावावर. मग अनुदान कोणाला? अशा घरात शिरून बोलायचे, तर बाईला स्वयंपाकघरापर्यंत वाट मोकळी होती. अभियंता ओसरीवरच थांबे. अनुदानाची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवणे हे संकलकाच्या मते या पदाचे सर्वांत महत्त्वाचे काम. नाव का गळले, हे चारचौघांत विचारता आले की संशय कुजबुजीत साचत नाही. या टप्प्याची कागदपत्रे भरपूर आहेत, म्हणून त्याला येथे जागाही जास्त मिळाली आहे.

1998 मध्ये स्वयम् शिक्षण प्रयोग या गटाची स्वतंत्र संस्था म्हणून नोंदणी झाली. 2001 च्या कच्छ भूकंपानंतर मराठवाड्यातील भूकंपग्रस्त स्त्रिया गुजरातेत जाऊन तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. पुढे बचत गट आले. दुष्काळाच्या वर्षांत घरच्या जमिनीपैकी एकरभर तुकडा बाईच्या निर्णयाने, घरी खायच्या पिकांखाली आणण्याचा प्रयोग झाला. संस्थेला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. कसायला मिळालेला तुकडा सातबाऱ्यावर बाईच्या नावे चढतोच असे नाही, एवढी पुस्ती येथे जोडली पाहिजे.

तंटामुक्ती : महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 पासून राज्यभर सुरू झाली, आर. आर. पाटील हे तिचे प्रवर्तक. समिती ग्रामसभेतून निवडायची, तंटे आपसांत मिटवायचे आणि त्याबद्दल गावाला रोख पुरस्कार मिळायचा, अशी तिची रचना. बांध कोरणे, शेतरस्ता, वाटणी हे तिचे नेहमीचे विषय. समितीत स्त्रिया असत. त्यांचा शब्द किती चाले, ते गावागणिक वेगळे. नवरा-बायकोचे तंटे समितीपुढे मिटवावेत का, याबद्दल मतभेद आहेत. मिटलेला तंटा पुरस्काराच्या हिशेबात जमेला धरला जातो. मारहाण सोसून नांदायला परतलेल्या बाईचा तंटाही ‘मिटलेला’च ठरू शकतो, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा ऑक्टोबर 2006 मध्ये, म्हणजे मोहिमेच्या आधीच, लागू झाला होता.

दारूबंदीचे मतदान : 2008 च्या शासन आदेशानुसार गावातील 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते ‘आडवी’ला पडावी लागतात; झालेल्या मतदानाच्या निम्मी पुरत नाहीत. म्हणजे गैरहजर बाईचे मत आपोआप उभ्या बाटलीच्या पदरात. कळंब, वाशी, भूम या तालुक्यांतून जोडपी ऊसतोडीला बाहेर पडतात. मतदान गळीत हंगामात आले, तर गावातल्या बायकांना कोयता घेऊन गेलेल्यांची तूटही भरून काढावी लागते.

पंचायतीतील जागा : 73 व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांसाठी एकतृतीयांश, महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या.

धार्मिक सलोखा : सणांआधी पोलीस ठाण्यात भरणाऱ्या शांतता समित्यांचा विषय वेगळा आहे.

नाव : 2023 मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, येथे उल्लेखिलेल्या बहुतेक कामांचे दप्तर उस्मानाबाद या नावाखाली शोधावे.