झेरॉक्सने न विकलेला संगणक



गटाच्या कर्जाचं प्रकरण करायचं म्हटलं की आपली पहिली धावपळ कशाची? आधारकार्डाची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स. हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय, की ते एका अमेरिकन कंपनीचं नाव आहे हे ध्यानातही येत नाही. आज त्याच कंपनीने बनवलेल्या, पण कधीच न विकलेल्या एका संगणकाची गोष्ट सांगते.

1970 साली झेरॉक्सने अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो इथे संशोधन केंद्र काढलं. त्या काळी बहुतेक संगणक म्हणजे खोलीत मावेल न मावेल असं धूड. पण केंद्रातले ॲलन के यांनी 1972 मध्ये एक कल्पना मांडली, की संगणक वहीसारखा असावा, लहान मुलालाही काखेत मारून नेता यावा. त्यांच्या सोबत काम करत होत्या ॲडेल गोल्डबर्ग. या बाईंनी शाळेतल्या मुलांना संगणकावर बसवलं. मुलं नुसती बघत राहिली नाहीत. एका मुलीने तर चित्रं काढायचा प्रोग्रॅम स्वतः तयार केला!

या विचारातूनच 1978 मध्ये ‘नोटटेकर’ तयार झाला. गोल्डबर्ग, लॅरी टेसलर आणि डग्लस फेअरबेर्न यांनी तो घडवला. आकार शिलाई मशीनच्या पेटीसारखा. झाकण काढलं की तोच कीबोर्ड, आत छोटा पडदा, सोबत माऊस. बॅटरीवरही चालायचा. वजन मात्र 22 किलो, म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या गोणीपेक्षा थोडंच कमी. आजच्या लॅपटॉपचा हा पणजोबाच म्हणा.

असे जेमतेम दहा नग बनले आणि काम तिथेच थांबलं. तो फार महाग पडला असता, हे खरं. पण कंपनीची कमाई कागदाच्या प्रती काढणाऱ्या यंत्रांवर होती, आणि निर्णय घेणारे साहेब बसायचे देशाच्या दुसऱ्या टोकाला. मुलांना संगणक हाताळताना ज्यांनी पाहिलं, त्यांच्या हाती निर्णय नव्हता.

तीन वर्षांनी, 1981 मध्ये, ॲडम ऑस्बोर्न यांनी तशाच पेटीसारखा संगणक 1795 डॉलरला बाजारात आणला आणि लोकांनी तो उचलून धरला. या ऑस्बोर्नांचं बालपण आपल्याच देशात, तमिळनाडूतल्या तिरुवन्नामलैला गेलं होतं.

त्याआधी 1979 च्या डिसेंबरात आणखी एक प्रसंग घडला. ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज केंद्र बघायला आले. त्यांना आपलं सगळं काम दाखवायला गोल्डबर्गबाईंनी साफ नकार दिला. घरचं धन दुसऱ्याच्या पदरात घालतोय, हे त्यांना दिसत होतं. वरून हुकूम आला, तेव्हाच त्यांनी दाखवलं. तिथे पाहिलेल्या गोष्टी पुढे ॲपलच्या संगणकांत आल्या.

हे वाचताना मला माझीच चूक आठवली. मागे एका गटात हिशेबासाठी मोबाईलवरचं ॲप आलं. वही लिहिणारी आमची सचिव सातवी शिकलेली. तिने विचारलं, “उशिरा आलेल्या हप्त्याचा दंड यात कुठं लिहायचा?” शिकवायला आलेला मुलगा म्हणाला, “मावशी, ते तुम्हाला नाही कळायचं.” आणि मी, बीए झालेली, गप्प बसले. पुढच्या महिन्यात दंडाची रक्कम जुळेना. वही काढली, तेव्हा चूक सापडली. मावशींचा प्रश्न बरोबर होता.

म्हणून मैत्रिणींनो, गटात शेवया मशीन घ्यायचं असो की नवं ॲप, रोज ज्या बाईचा हात त्या कामाला लागतो, तिला आधी बोलू द्या. तिचं म्हणणं ठरावाच्या वहीत तिच्या नावानिशी लिहा. नाकारायचं असेल तर कारणही लिहा.

नोटटेकरचा एक नग आज कॅलिफोर्नियातल्या संगणक संग्रहालयात आहे. आपल्या बायांचं शहाणपण असं काचेमागे जायला नको. ते वेळेवर कामाला यावं.