पाइप आतून कोण खातं? तेलक्षेत्रातलं पाणी, वायू आणि बॅक्टेरिया

आमच्या चौसाळ्यात बोअरची मोटर वर काढली की जुना लोखंडी पाइप बघायला मिळतो. बाहेरून बरा दिसतो, पण हातोडीचा एक टोला मारला की गंजाच्या खपल्या गळतात. मी कोड लिहिणारा माणूस. पण हीच भानगड समुद्रातल्या तेलाच्या पाइपांत किती महागात पडते, ते वाचलं आणि ठरवलं, सोपं करून सांगू.

तेलासोबत पाणी कशाला?

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात मुंबई हाय आहे. १९७४ मध्ये तिथं तेल सापडलं, १९७६ पासून ओएनजीसी ते काढतेय. तेल निघत गेलं की खडकातला दाब घटतो. मग समुद्राचं पाणी प्रक्रिया करून खडकात दाबानं सोडतात. शिवाय तेलाबरोबर खारं पाणी वर येतं ते वेगळंच. हे सगळं पाणी स्टीलच्या पाइपांतून जातं.

पाण्यात विरघळलेले तीन वायू

१. ऑक्सिजन: नेहमीचा गंज याच्यामुळेच. खाऱ्या पाण्यात तो आणखी वेगानं चढतो.

२. कार्बन डायऑक्साइड: सोड्याच्या बाटलीतला वायू. पाण्यात मिसळून सौम्य आम्ल बनतो आणि स्टील झिजवतो.

३. हायड्रोजन सल्फाइड: सडक्या अंड्यांचा वास येतो तो हा. लोखंडावर काळा थर चढवतो, कडक स्टीलला तडेही पाडतो.

बॅक्टेरिया काय करतात?

काही बॅक्टेरियांना ऑक्सिजन लागत नाही. ते पाण्यातलं सल्फेट वापरून जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण २.७ ग्रॅम सल्फेट असतं, म्हणजे जेवणाची चंगळच! पाइपला आतून बुळबुळीत थर धरून ते त्याखाली राहतात. त्यामुळे बाकी पाइप धड असतो आणि नेमकं एका जागी भोक पडतं.

अमेरिकेत अलास्कातल्या प्रुडो बे इथं मार्च २००६ मध्ये बीपीच्या पाइपलाइनला असंच छोटं भोक पडलं. सुमारे २ लाख गॅलन तेल सांडलं. तेल संथ वाहत होतं, तळाशी गाळ साचला होता, आणि ती लाइन कित्येक वर्षं आतून घासलेलीच नव्हती.

एक बग काढला की दुसरा

गंज नको म्हणून पाण्यातला ऑक्सिजन काढतात. पण बिनऑक्सिजनचं पाणी या बॅक्टेरियांना हवंच असतं! सुरुवातीला त्यांना मारायला क्लोरीन घालतात. पुढे उरलासुरला ऑक्सिजन काढणारं बायसल्फाइट त्या क्लोरीनलाही संपवतं. म्हणजे पुढच्या पाइपात पहारेकरीच नाही. म्हणून तिथं ठरावीक दिवसांनी वेगळं जंतुनाशक सोडतात आणि ‘पिग’ नावाचं साधन आतून फिरवून थर खरवडतात. पाण्यात धातूच्या पट्ट्या ठेवतात. काही महिन्यांनी त्यांचं वजन किती घटलं, यावरून झीज कळते.

आपल्या कामाची गोष्ट

हाच वायू गटाराच्या चेंबरमध्ये आणि जुन्या, बंद पडलेल्या विहिरीतही साचतो. तो हवेपेक्षा जड असतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. त्यामुळे वास गेला म्हणजे धोका टळला असं समजू नका. मोबाइलमध्ये हा वायू ओळखणारा सेन्सर नसतो. आत कुणी बेशुद्ध पडलेलं दिसलं तरी मागोमाग उतरू नका. आधी अग्निशमन दलाला फोन लावा.